गोळ्या मोजू नका, खाडे मोजा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दोन हिशेब चालतात. दूध आलं नाही त्या तारखेवर निळी फुली, तो दुधाचा खाडा. माझं डोकं उठलं त्या तारखेभोवती लाल गोल, तो माझा खाडा. सात वर्षांपूर्वी एका महिन्यात 19 लाल गोल होते. हल्ली चार, फार तर पाच असतात. मधली जवळजवळ सगळी वर्षं मी रोज रात्री दोन गोळ्या घेत आले आहे : प्रोप्रॅनोलॉल आणि 10 मिलिग्रॅमची अमिट्रिप्टिलिन. घरी आलेलं माणूस त्या लाल गोलांबद्दल काही विचारत नाही. विचारतं ते हेच, "अगं, अजून चालूच आहेत का तुझ्या गोळ्या?"

विचारणारी माणसं माझ्या मायेचीच आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडते. डोकेदुखी हा काही रोग नाही, ते लक्षण आहे. मूळ पित्तात किंवा काळजीत आहे. ते सापडलं की दुखणं आपोआप जाईल. गोळी फक्त दाबून ठेवते, अंगाला सवय लावते आणि शेवटी किडनी खराब करते.

पित्तापासून सुरुवात करू. अर्धशिशीत उलटी होते आणि कित्येकांना उलटीनंतर हलकं वाटतं, म्हणून दोष पित्ताकडे जातो. पण झटका सुरू होतो मेंदूत. त्याच झटक्यात जठराचं काम मंदावतं आणि मळमळ सुरू होते. म्हणजे ज्याला आपण कारण समजतो तो त्या झटक्याचाच एक भाग आहे. परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी सुश्रुताचंही ऐकावं. त्याने 11 शिरोरोग सांगितले. त्यांत पित्तज शिरोरोग वेगळा आहे आणि अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी, वेगळी आहे. दोन्ही एकच असते तर त्याने दोन नावं कशाला दिली असती? अर्धशिशी हा स्वतंत्र आजार आहे, तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. माझ्या आजीला होती, आईला आहे. आजी डोक्याला फडकं करकचून बांधून, सुंठेचा लेप लावून माजघरात पडून राहायची, आणि त्याला घरात 'तिचं नेहमीचं' म्हणायचे.

आता सवयीचा मुद्दा. इथे मला खरोखर कळकळीने बोलायचं आहे, कारण सवय लागते हे खरं आहे आणि ती मला लागली होती. पण ती या रात्रीच्या गोळ्यांची नव्हती. ती होती त्या पाकिटाची, ज्याला कुणीच कधी हरकत घेतली नाही. "डोकं दुखतंय? घे एक आणि पड जरा." पर्समध्ये एक पाकीट, ऑफिसच्या खणात एक, देवघराखालच्या कप्प्यात एक. मेडिकलमध्ये चिठ्ठी मागत नसत. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा त्याहून जास्त दिवस, आणि कॅफिन किंवा अर्गोटामाइन घातलेली मिश्र गोळी 10 किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं की औषधच डोकेदुखी निर्माण करायला लागतं. दुखतं म्हणून गोळी, आणि गोळी म्हणून पुन्हा दुखणं. माझ्या 19 दिवसांपैकी कितीतरी दिवस त्या पाकिटाचे होते, हे मला डॉक्टरांनी कॅलेंडर मागितल्यावर कळलं.

ते पाकीट सोडण्याचे पहिले दहा दिवस मी विसरणार नाही. दार लावून, उशाशी बादली घेऊन पडलेली असायचे, आणि दाराच्या फटीतून लसणाच्या फोडणीचा वास आला की कानशिलात कुणी पहार मारल्यासारखं व्हायचं. जाऊबाई तेव्हा आठवडाभर फोडणीविना वरण करत होत्या. तेवढी समज घरात होती, म्हणून निभावलं.

रात्रीच्या गोळ्यांचं काम वेगळं आहे. त्या चालू दुखण्यावर उपयोगी नाहीत. झटके कमी यावेत म्हणून त्या रोज घ्यायच्या, आणि गुण यायला दोन-दोन महिने लागतात. प्रोप्रॅनोलॉल जेम्स ब्लॅक यांनी हृदयरोगासाठी शोधलं, 1988 चं नोबेल त्यांना मिळालं. अर्धशिशीवरचा त्याचा उपयोग हृदयाच्या रुग्णांमुळे ध्यानात आला : छातीच्या दुखण्यासाठी औषध घेणाऱ्याची डोकेदुखीही कमी झाली. अमिट्रिप्टिलिन मूळची नैराश्यावरची. मोबाइलवर नाव शोधून "ही तर डिप्रेशनची गोळी!" म्हणणाऱ्यांना मी डोस दाखवते. नैराश्यासाठी ती याच्या कितीतरी पट दिली जाते. किडनीची भीतीही अनाठायी नाही, फक्त तिचा रोख चुकलेला आहे. वर्षानुवर्षं मनाने घेतलेल्या वेदनाशामकांनी किडनीला इजा होते, आणि नेमक्या त्याच घरात 'साध्या' समजल्या जातात.

या गोळ्यांना दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. सकाळी माझं तोंड कोरडं पडतं, वजन चार किलो वाढलं. टोपिरामेट घेणाऱ्यांना बोटांना मुंग्या येतात, बोलताना शब्द सापडत नाहीत. व्हॅलप्रोएट गर्भाला घातक आहे. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. म्हणून तर या गोळ्या डॉक्टरकडूनच सुरू करायच्या आणि डॉक्टरला विचारूनच बंद करायच्या. एका लग्नात कुणीतरी फार समजावलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्या एकदम बंद केल्या होत्या. चौथ्या रात्री छातीत इतकं धडधडायला लागलं की नवऱ्याने रिक्षा बोलावली. प्रोप्रॅनोलॉल असं एका झटक्यात सोडायचं नसतं.

आणि ज्यांना खरंच नैसर्गिक उपाय हवा आहे त्यांनी बाईच्या उपासाकडे बघावं. अर्धशिशीला वेळेवर जेवण आणि वेळेवर झोप लागते. संकष्टीला दिवसभर साबुदाण्यावर राहून रात्री चंद्रोदयाची वाट बघायची, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून पडायचं, हे माझं कित्येक वर्षं चाललं. पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट बायकांना हा आजार असतो, पाळीच्या आधी इस्ट्रोजेन उतरलं की अनेकींना झटका येतो. तरी मला गोळी सोड म्हणणाऱ्या दहा जणांपैकी एकानेही उपास सोड म्हटलं नाही. मीच सोडला. गणपतीला जास्वंद वाहते आणि साडेआठला जेवते.

येत्या मार्चनंतर डॉक्टर आणि मी मिळून गोळी उतरवून बघणार आहोत, हळूहळू, थोडी थोडी कमी करत. याआधी दोन वर्षांपूर्वी बघितलं होतं, तेव्हा तिसऱ्या महिन्यात लाल गोल 11 झाले आणि पुन्हा सुरू केली. या वेळी राहिली बंद तर आनंदच आहे. नाही राहिली, तर त्याच रात्री पुन्हा घेईन.