सही आमची, मजकूर दुसऱ्याचा!

वीजबिल, जमिनीचा उतारा, महापालिकेची नोटीस, सरकारी परिपत्रक हे सारे आपल्या भाषेत मिळावे म्हणून १९५६ पासून सीमाभागातील मराठी माणूस झगडतो आहे. निवेदने झाली, मोर्चे झाले, अंगावर खटले घेऊन झाले. न कळणाऱ्या कागदावर सही करणारा माणूस दुसऱ्याचा मिंधा होतो, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी ओळखले होते. त्या लढ्याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो संपलेला नाही. पण म्हणूनच आज एक गोष्ट रोखठोक विचारायची वेळ आली आहे. जो समाज एका नोटिशीच्या भाषेसाठी रस्त्यावर उतरतो, तोच समाज लाखो रुपयांच्या मालाचा कस्टमचा कागद न वाचता सही करून दुसऱ्याच्या हवाली कसा करतो?

वाचकहो, आम्ही बँकेत काउंटरमागे बसणारी माणसे. माल आमच्यापुढे येत नाही, कागद येतात. उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फौंड्र्यांतून कास्टिंग परदेशी जाते, खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या काजू कारखान्यांत आफ्रिकेतला कच्चा काजू येतो. या व्यवहारांत आपली जुनी मराठी घराणी आहेत, ही आनंदाची गोष्ट. दुःखाची गोष्ट अशी की माल आपला, घाम आपला, कर्ज आपल्या नावावर. आणि मालाची ओळख सरकारदरबारी सांगणारा कागद मात्र दुसराच कोणी लिहितो. मागावर विणणारा एक आणि बिल फाडणारा दुसरा असला म्हणजे दोघांत मोठा कोण होतो, हे निदान वडगावकरांना तरी आम्ही सांगायला नको.

फाईल कशी चालते ते पाहा. कारखान्यातला टायपिस्ट मागच्या खेपेचे बिल उघडतो, तारीख आणि नग बदलतो, नवे बिल आणि पॅकिंग लिस्ट तयार. सोबत लेटरहेडचे पाच-सहा कोरे कागद, खाली सही आणि रबरी शिक्का, 'अडीअडचणीला असू द्या' म्हणून. हे सारे क्लिअरिंग एजंटाकडे जाते. एजंट शिपिंग बिलाचा मसुदा तयार करतो आणि कस्टमच्या संगणकात भरण्यापूर्वी त्याची चेकलिस्ट मालकाच्या मोबाईलवर पाठवतो. मालकाने ती ओळ न ओळ तपासावी, यासाठीच ती असते. मालक काय करतात? वरचा अंगठा दाखवणारे चित्र पाठवून मोकळे होतात! आजोबा अंगठा उमटवीत, त्यांना लोक निरक्षर म्हणत. नातू पदवीधर झाला, आणि तोही अंगठाच पाठवतो आहे.

कायदा काय म्हणतो?

'काही झाले तर एजंट बघून घेईल' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकले की धडकी भरते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात आयातीचे बिल ऑफ एन्ट्री कलम ४६ खाली आणि निर्यातीचे शिपिंग बिल कलम ५० खाली भरतात. त्यातील माहिती खरी आणि पुरी आहे याची जबाबदारी आयातदाराची आणि निर्यातदाराची. २०११ पासून तर स्वयंनिर्धारणाची पद्धत आली. म्हणजे मालाचे वर्गीकरण काय, किंमत किती, शुल्क किती, हे व्यापाऱ्याने स्वतः ठरवून जाहीर करायचे. अधिकारी नंतर तपासणार. आणि कलम १४७ काय सांगते? एजंटाने तुमच्या स्पष्ट सांगण्यावाचून एखादी गोष्ट केली, तरी उलट सिद्ध होईपर्यंत ती तुमच्या माहितीने आणि संमतीने झाली असे धरले जाईल. जाणूनबुजून खोटा कागद वापरल्याचे ठरले तर कलम ११४अअ खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आता सांगा, कोऱ्या लेटरहेडवर सही देणाऱ्याने 'मला माहीत नव्हते' हे सिद्ध तरी कसे करायचे?

चार ठिकाणी हात पोळतात

पहिली जागा मालाच्या टॅरिफ क्रमांकाची. आपल्याकडे तो आठ आकडी असतो. त्यातले पहिले सहा आकडे ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या, १९८८ पासून चालू असलेल्या पद्धतीने जगभर सारखे. बेळगावच्या फौंड्रीतली वस्तू आहे, ओतीव लोखंडाची आहे, टाका ७३२५ मध्ये, असा आपला खाक्या. पण तीच कास्टिंग अमुक पंपाचाच भाग म्हणून ओळखता येत असेल तर ती ८४१३ खाली जाते. व्हॉल्व्हचा भाग असेल तर ८४८१ खाली. ड्रॉबॅकचा दर या आकड्यावर ठरतो, पलीकडच्या देशात गिऱ्हाइकाला किती जकात पडणार हे या आकड्यावर ठरते. युरोपने २०२६ पासून लावलेल्या कार्बन आकारणीत कोणती लोखंडी वस्तू सापडते आणि कोणती सुटते, तेही याच आकड्यांवरून ठरते. तुमची वस्तू कुठे बसवली जाते हे बंदरात बसलेल्या एजंटाला कसे कळणार? ते तुमच्या मोल्डिंगवाल्याला ठाऊक असते आणि तुम्हाला ठाऊक असते. पण आपल्याला कोणी विचारत नाही आणि आपण कोणाला सांगत नाही.

दुसरी जागा किमतीची. जहाजावर माल चढेपर्यंतची किंमत म्हणजे एफ.ओ.बी.; तीत जहाजाचे भाडे आणि विमा मिळवला की सी.आय.एफ. बिल सी.आय.एफ.चे आणि शिपिंग बिलात भाडे-विम्याचे रकाने कोरे किंवा चुकलेले, अशी प्रकरणे आमच्यापुढे येतात. २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या संगणक पद्धतीत प्रत्येक शिपिंग बिलाची नोंद बँकेला दिसते आणि आलेले परकीय चलन तिच्याशी जुळवावे लागते. आकडे जुळले नाहीत की नोंद उघडी राहते. मग मालक तावातावाने काउंटरवर येतात, 'पैसे पूर्ण आले, तुम्ही का अडवता?' अहो, आम्ही अडवत नाही. तुमच्याच सहीचा कागद तुम्हाला अडवतो.

तिसरी जागा बिलाच्या क्रमांकाची, दिसायला अगदी क्षुल्लक. जुलै २०१७ मध्ये जी.एस.टी. आला. कर भरून निर्यात करणाऱ्याचे शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला गेला. शिपिंग बिलातला बिल क्रमांक आणि जी.एस.टी. विवरणातला बिल क्रमांक जुळला नाही, की परतावा अडकला. एका ठिकाणी आडवी रेघ, दुसऱ्या ठिकाणी तिरपी, एवढ्यावरून! देशभर इतके परतावे तुंबले की मार्च २०१८ मध्ये सरकारला त्यासाठी खास परतावा पंधरवडा पाळावा लागला. मोठ्या कंपन्यांनी तो काळ निभावला. छोट्या कारखानदाराने तोपर्यंत कॅश क्रेडिटवर व्याज भरले.

चौथी जागा आयातदारांची. काही देशांतून आलेल्या मालाला करारानुसार शुल्कात सवलत मिळते आणि त्यासाठी माल त्या देशातला असल्याचा दाखला लागतो. सप्टेंबर २०२० पासून नुसता दाखला जोडून भागत नाही. माल तिथला कसा ठरतो याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवली पाहिजे आणि अधिकाऱ्याने मागितली तर दिली पाहिजे. 'विकणाऱ्याने दाखला पाठवला, मी जोडला' ही सबब आता चालत नाही.

सबबींचा समाचार

पहिली सबब भाषेची. 'हे सगळे इंग्रजीत, आपल्याला कुठे कळते?' मान्य. सरकार या बाबतीत धुतल्या तांदळासारखे नाही. अधिसूचना इंग्रजी-हिंदीत निघतात, वर्षात कितीदा बदलतात, आणि त्या समजावून सांगणारी साधी पुस्तिका आपल्या गावातल्या छोट्या व्यापाऱ्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये मिळत नाही. ती मिळावी अशी मागणी आपण जरूर करू. पण सीमाशुल्क हा केंद्राचा विषय आहे. इथे कन्नडसक्तीकडे बोट दाखवून सुटका नाही. हा कागद बंगळूरचा व्यापारी ज्या इंग्रजीत वाचतो, त्याच इंग्रजीत आपल्यापुढे येतो. तो वाचतो आणि आपण वाचत नाही, एवढाच फरक. ज्यांना 'सीमा' या शब्दाचा अर्थ सत्तर वर्षे सांगावा लागला नाही, त्यांना सीमाशुल्काचे चार रकाने जड जावेत?

दुसरी सबब विश्वासाची. 'आमचा एजंट वीस वर्षांचा आहे, घरच्यासारखा.' असेल. सगळे एजंट लबाड आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. अनेक जण सचोटीने काम करतात आणि २०१८ च्या नियमांनी त्यांच्यावरही ग्राहकाची ओळख पडताळण्यापासून त्याला योग्य सल्ला देण्यापर्यंतची बंधने घातली आहेत. उलट चांगला एजंटच सांगेल की चेकलिस्ट वाचणारा मालक त्याला हवा असतो. घरच्या माणसाला पैसे मोजून देताना आपण दोनदा मोजतोच ना? मग कागदच एवढा अविश्वासाचा कसा झाला?

तिसरी सबब वेळेची. चेकलिस्ट बिलाशेजारी ठेवून वाचायला अर्धा तास लागतो. चुकलेले शिपिंग बिल नंतर दुरुस्त करायचे तर कलम १४९ खाली अर्ज, पुरावे आणि बंदराच्या फेऱ्या. कारखानदाराला हिशोब येतो असे आम्ही समजतो. हाही त्याने करावा.

आपले वाडवडील काय करीत?

निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आठवा. १९४३ साली तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. १९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरचा तो कर उठेपर्यंत वखारीतल्या मालाचा हिशोब सरकारी वहीत ठेवावा लागे आणि परवान्यावाचून माल हलत नसे. ते कागद सांभाळणारे दिवाणजी काही विलायतेत शिकून आले नव्हते. त्यांच्या वहीत वजनाचा फरक पडला की मालकाच्या आधी त्यांची झोप उडे. आणि कस्टम म्हणाल तर ते आपल्या शेजारी होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होण्यापूर्वी लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर कॅसल रॉकला आपल्या बाजूची तपासणी होई. गोव्याशी व्यापार करणाऱ्या बेळगावकराला जकातीचा कागद म्हणजे काय ते कोणी शिकवायची गरज नव्हती. ती विद्या आपल्याच घरात होती. आपण ती हौसेने दुसऱ्याला देऊन टाकली आणि आता दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो आहोत.

आता काय करायचे?

कारखानदार बंधूंनी आजपासून एवढे पाळावे. कोऱ्या लेटरहेडवर सही द्यायची नाही, कोणी कितीही जवळचा असो. चेकलिस्टमध्ये माल, टॅरिफ क्रमांक, नग, वजन, किंमत, बिल क्रमांक, बँकेचा ए.डी. कोड, गिऱ्हाइकाचे नाव आणि पत्ता हे रकाने मूळ बिलाशी ताडून पाहायचे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने खूण करायची. मंजुरी शब्दांत लिहून द्यायची. लेटर ऑफ क्रेडिट असेल तर बिलातले मालाचे वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळते का पाहायचे, कारण २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक कागदांशी व्यवहार करते, मालाशी नाही. सगळ्या कागदांचा एक संच निदान पाच वर्षे आपल्या कपाटात ठेवायचा.

आणि आपल्या संस्थांना, मंडळांना आमचे नम्रतेने पण स्पष्ट सांगणे आहे. दरवर्षी गुणगौरव होतात, शाल-श्रीफळ होते, फोटो छापून येतात. बी.कॉम. झालेली आपली मुले त्यानंतर कुठे जातात याची चौकशी कोणी केली आहे का? आम्हीही बी.कॉम.च. निर्यातीचे कागद आमच्या क्रमिक पुस्तकात होते. खरे शिपिंग बिल आम्ही पाहिले ते नोकरीत लागल्यावर. मंडळाच्या सभागृहात रविवारी दोन तास वर्ग भरवा. फौंड्रीवाल्यांनी जुन्या फायली नावे झाकून आणाव्यात, बँकेतून निवृत्त झालेल्यांनी शिकवावे, मुलांनी चुका शोधाव्यात. त्यातून पाच-दहा मुले अनुभव घेऊन पुढे कस्टम ब्रोकरच्या लेखी आणि तोंडी परीक्षेला बसली, तर आपल्या मालाचा कागद आपल्याच गावात, आपल्याशी मराठीत बोलून लिहिला जाईल. या वर्गाला परवानगी बंगळूरची लागत नाही आणि दिल्लीचीही लागत नाही.

कागद मराठीत मागण्याचा हक्क आपण सोडणार नाही. पण जो कागद हातात आहे तो न वाचता परत करणाऱ्याच्या मागणीला वजन राहत नाही. सही आपली असेल तर मजकूरही आपल्याला ठाऊक हवा. नाहीतर उद्या माल बंदरात अडकेल, परतावा संगणकात अडकेल, आणि दंडाची नोटीस तेवढी अचूक पत्त्यावर, आपल्याच दारात येईल.