धोक्याचा वास

मधमाशी डंख मारते तेव्हा विषासोबत एक निरोपही सोडते. नांगीजवळच्या ग्रंथींतून आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे रसायन हवेत पसरते. आपल्याला तो वास पिकलेल्या केळ्यासारखा वाटतो. पोळ्यावरच्या माश्यांना मात्र ‘शत्रू इथे आहे’ एवढेच कळते. १९६२ मध्ये शास्त्रज्ञांनी या इशाऱ्याची ओळख पटवली.

वासाचा अर्थ घेणाऱ्यावर ठरतो. गवती चहाला गंध देणारे सिट्रल मधमाश्यांच्या ‘इकडे या’ या वासातही असते. तेच सिट्रल कार्पोग्लिफस लॅक्टिस या माइटसाठी धोक्याची घंटा आहे. कोळ्याच्या कुळातला हा सूक्ष्म जीव सुक्या फळांत वाढतो, तसाच पोळ्यात साठवलेल्या परागातही. इशारा मिळताच आजूबाजूचे माइट पांगतात.

माइट पांगतात, माश्या मात्र चालून येतात. आग्या मोहोळाशी गाठ पडली, तर हे ध्यानात हवे. गडावर किंवा लेण्यांत मोहोळाखाली चूल पेटवणे, दगड मारणे म्हणजे संकटाला आमंत्रण. माशी चिरडली किंवा डंख बसला, की तो वास अंगाला, कपड्यांना चिकटतो आणि बाकीच्या माश्यांना तुमचा पत्ता मिळतो. हात झाडत उभे राहू नका. तोंड झाकून थेट बंद खोली किंवा गाडी गाठा. सुरक्षित जागी पोहोचताच नांग्या काढा. नखाने की चिमट्याने, यात वेळ घालवू नका, कारण तुटलेली नांगीही विष सोडत राहते.

अ‍ॅलर्जी असलेल्याला एक डंखही पुरतो. धाप, चेहऱ्यावर सूज, चक्कर दिसली, की मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन हेच पहिले औषध. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या किंवा स्टिरॉइड त्याची जागा घेऊ शकत नाहीत. शेकडो डंख बसलेला रुग्ण ठणठणीत दिसला तरी त्याला घरी पाठवू नये. स्नायू आणि रक्तपेशी फुटून मूत्रपिंडे नंतर निकामी होऊ शकतात.

अ‍ॅड्रेनालिन स्वस्त आहे. गडांच्या पायथ्याजवळच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असले पाहिजे, आणि ते न कचरता टोचणारे प्रशिक्षित हातही. रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत विष थांबून राहत नाही.