गाल्मीचा कांदा आणि उताऱ्याचा तक्ता



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात कांदा कशाला, आणि तोही आफ्रिकेतला, असे कोणी विचारील. पण सहाराच्या दक्षिणेकडच्या नायजर देशातला शेतकरी आपल्याच जातकुळीचा. पावसाळ्यात कोरडवाहू बाजरी, ज्वारी, चवळी. पाऊस सरला की विहिरीवर कांदा. धान्य घरात खायला, कांदा रोख पैशाला.

त्यांचा नावाजलेला वाण 'व्हायोलेट द गाल्मी'. गाल्मी हे गाव. कांदा जांभळट, तिखट, टिकायला बरा. घानापर्यंत मागणी.

पश्चिम आफ्रिकेत या वाणाशेजारी दुसरे वाण लावून तुलना होते, तेव्हा रोपाची उंची, पानांची संख्या, कांद्याचा घेर आणि काढणीचे वजन मोजतात. आम्ही कृषी पदवीधर. असे तक्ते आम्हीही भरले आहेत. ते फुकट नसतात. युरोपातल्या कांद्याला गाठ धरायला चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. नायजरमध्ये सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा. तिथे तो कांदा नुसती पात वाढवतो. हे प्रयोगातूनच कळते.

पण काढणीचे वजन म्हणजे उत्पन्न नव्हे. सगळ्यांचा माल एकदम निघतो, भाव पडतो. पैसे होतात चार-पाच महिने कांदा राखणाऱ्याचे. पाणीदार, थोराड कांदा खळ्यावर जास्त भरतो आणि पावसाळ्यापर्यंत सडतो. समजा, एक वाण एकरी शंभर क्विंटल देतो आणि निम्मा सडतो. दुसरा ऐंशी देतो आणि साठ टिकतो. तक्त्यात पहिला वरचढ, घरात दुसरा.

बियाण्याचेही तसेच. गाल्मीचे बी शेतकरी मातृकांदे लावून स्वतः धरतो. संकरित बी दरसाल विकत. संकरिताला आमचा विरोध नाही. परवडले तर जरूर लावावे. पण तो खर्च तक्त्यात हवा. २००९ च्या सुमारास तर सेनेगलमधल्या एका बियाणे कंपनीने गाल्मीच्याच नावाने वाणहक्क मागितला. नायजरने हरकत घेतली, तेव्हा नाव बदलावे लागले. गावाचे नाव आणि पिढ्यांचे बी, मालक मात्र तिसराच!

आणि सरहद्द? जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, शेजारी देशांनी निर्बंध लादले. कांद्याचे ट्रक सीमेवर अडकले, माल सडला. तिकडे घानात भाव चढले. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीने आपल्या कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. सरकारच्या फटक्यापुढे कोणता वाण तग धरणार?

आपल्याकडे कपाशीच्या नव्या वाणाचा तक्ता घेऊन कोणी गावात आले, तर एकरी उताऱ्याच्या रकान्याशी थांबू नका. बियाण्याची पिशवी, फवारणी, वेचणीची मजुरी आणि विक्रीच्या दिवशीचा भाव, हे रकाने त्यांच्यासमोर पेन्सिलीने आखून घ्या आणि भरायला सांगा.