ॲरनची रेघ

गेल्या महिन्यात सातवीच्या एका विद्यार्थ्याने आपली कोरी चित्रकला-वही आमच्यापुढे सरकवीत विचारले, "सर, आता यंत्रच चित्र काढते, मग आम्ही कशाला काढायचे?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. त्या उत्तराच्या शोधात असता हॅरॉल्ड कोहेन या चित्रकाराचे स्मरण झाले.

कोहेन यांचा जन्म १९२८ साली लंडनमधील एका यहुदी कुटुंबात झाला. १९६६ साली व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. अशा नामांकित चित्रकाराने १९६८ साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत, अध्यापन पत्करले. आणि तेथे ते संगणकाकडे वळले. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जी आज्ञावली रचावयास घेतली, तिचे नाव ॲरन. आडनाव कोहेन आणि मानसपुत्राचे नाव ॲरन, म्हणजे आपला अहरोन! मोशेच्या वतीने बोलणारा तो भाऊ; पण त्याच्या मुखातील शब्द दुसऱ्याने घातलेले, हे वाचकांस सांगावयास नकोच.

ॲरनला एकही चित्र दाखविलेले नव्हते. त्याला डोळेच नव्हते. कोहेन यांनी त्याला नियम तेवढे दिले: बंद आकृती कोणती व उघडी रेघ कोणती, आत काय व बाहेर काय, पुढची वस्तू मागचीला झाकते ती कशी. आतापर्यंत काय काढले हे ध्यानी ठेवून तो पुढची रेघ ठरवी. १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात चाकांवरचे एक लहानसे यंत्र लेखणी घेऊन जमिनीवर पसरलेल्या कागदावर फिरे आणि लोक ते पाहत उभे राहत. त्या यंत्रास 'कासव' म्हणत. पुढे १९८०च्या दशकात ॲरन झाडे व माणसे काढू लागला. पण तत्पूर्वी हात कोठे वाकतो, देहाचा तोल कसा राहतो, हे कोहेन यांना नियमांत मांडावे लागले.

खरी कसोटी रंगाची होती. प्रारंभी रेघा ॲरनच्या आणि रंग कोहेन यांच्या हातचा. जन्मभर रंगांत वावरलेल्या या माणसास आपण अमुक रंग अमुक ठिकाणी का लावतो, हे शब्दांत सांगता येईना. डोळ्यांनी पाहून हात ठरवी; यंत्रास ती सोय नव्हती. अखेर उजेड-अंधाराच्या प्रमाणातून त्यांना वाट सापडली, आणि १९९५ साली बोस्टनच्या संगणक संग्रहालयात ॲरनचे यंत्र स्वतः रंग मिसळून चित्र रंगवू लागले.

अध्यापनशास्त्राच्या वर्गात आम्ही पाठाचे टाचण काढावयास शिकलो, त्यातले मर्म हेच नव्हे काय? जे आपणांस येते ते पायरीपायरीने दुसऱ्यास सांगू गेल्यावाचून आपणांस खरोखर किती येते ते कळत नाही. आणि येथेच आम्हांस आमची चूक दिसली. वर्षानुवर्षे आम्ही फळ्यावर तयार चित्र काढून दिले, मुलांनी ते उतरविले, आणि जितके हुबेहूब तितके गुण दिले. ॲरनला निदान नियम तरी मिळाले. आमच्या मुलांना तेही नाहीत. यंत्र कोणास केले, ते वाचकांनीच ठरवावे.

आजची चित्रे बनविणारी यंत्रे माणसांनी काढलेली असंख्य चित्रे चाळून तयार होतात. ॲरनची जाण मात्र एका माणसाच्या चिंतनातून आलेली होती. २०१६ साली कोहेन निवर्तले. २०२४ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ॲरनची यंत्रे पुन्हा रेघा ओढताना लोकांनी पाहिली. त्या रेघा नव्या होत्या, नियम मात्र जुनेच. कारण नवे सांगणारा उरला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही फळा कोरा ठेवला. मेजावर पितळी तांब्या ठेवून म्हटले, "आधी पाहा, मग पहिली रेघ कोठून व का, ते लिहा." तो विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तोंड गोल आहे हे ठाऊक आहे, पण दिसते चपटे."

त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यानेच दिले होते. वही आता कोरी नाही.