आधी कक्ष क्रमांक, मग मथळा

निकाल लागले की पत्रकारितेच्या प्राथमिक अभ्यासक्रमाची चौकशी करणारी मुले आपल्याकडे येऊ लागतात. त्यांना स्पष्ट सांगावे की वर्षभरात कोणी पत्रकार होत नाही. बातमी तपासून घ्यायची सवय मात्र लागू शकते. तालुका वार्ताहराचे मानधन तुटपुंजे असते आणि त्याच्याकडून जाहिरातीही मागितल्या जातात, हेसुद्धा प्रवेशाआधीच कानावर घालावे.

विदर्भाला हे शिक्षण नवे नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्येच पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. आता वर्गातली उदाहरणेही इथलीच हवीत.

मोहफुलांच्या हंगामातली बातमी घ्या. ‘वाघाच्या हल्ल्यात महिला ठार’ एवढेच फोनवर कळते आणि तेवढेच छापून येते. विद्यार्थ्याने पुढे विचारले पाहिजे: वनपरिक्षेत्र कोणते, जंगलाचा कक्ष क्रमांक किती? बाई किती वाजता निघाली, सोबत कोण होते? पंचनामा कधी झाला, तातडीची मदत घरच्यांच्या हाती पडली का? तो भाग गावाच्या सामूहिक वनहक्कात येतो का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वनहक्क कायदा, २००६ गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क देतो. तो न वाचता ‘जंगलात अवैध प्रवेश’ असे लिहिणारा वार्ताहर मेलेल्या बाईवरच गुन्हा लादतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, पण बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले. त्या मधल्या काळाचा कागदोपत्री माग काढणे, हा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला स्वाध्याय वाटतो.

भाषेचेही तसेच. एटापल्ली-भामरागडकडे माडिया भाषा न येणाऱ्याने दुभाष्या कोण होता, कोणत्या खात्याचा होता, हे वहीत लिहून ठेवावे. नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतरचे पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक ही एक बाजू असते. दुसरी बाजू सांगणाऱ्या गावकऱ्याचे नाव छापल्याने त्याच्या जिवावर बेतू शकते. ही जाणीव पहिल्याच महिन्यात यायला हवी, आणि ती वर्गात बसून पुरती येत नाही.

म्हणून जिल्हा प्रतिनिधींना आणि संपादकांना विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेला जाताना एक विद्यार्थी सोबत न्या. त्याची बातमी त्याला शेजारी बसवून तपासा. छापलीत, तर नाव आणि मानधन दोन्ही द्या.