अंथरूण, पाय आणि गणित

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. पाय अंथरुणाबाहेर जाऊं नयेत एवढें ती सांगते. परंतु आहे त्याच अंथरुणांत ते जास्तींत जास्त कसे पसरतां येतील, हें ती सांगत नाहीं. तें सांगणारें एक शास्त्र आहे. त्यास लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे रेषीय नियोजन, असें म्हणतां येईल. बारावीच्या गणितांत त्याची तोंडओळख होते व पुढें विश्वविद्यालयांत त्याचा सविस्तर अभ्यास करावा लागतो. हा अभ्यास पुष्कळदां ज्या रीतीनें केला जातो, तिजविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम एक उदाहरण घेऊं. भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपांत दोन प्रकारचे सुटे भाग होतात असें समजा. पहिल्यास लेथवर २ तास व ड्रिलिंग मशीनवर १ तास लागतो. दुसऱ्यास लेथवर १ व ड्रिलिंगवर २. आठवड्यांत लेथचे ४० आणि ड्रिलिंगचे ५० तास मिळतात. पहिल्या भागावर नफा ४०० रुपये, दुसऱ्यावर ३५०. जास्त नफ्याचा म्हणून पहिलाच करीत बसलें तर २० नग होतात व ८,००० रुपये मिळतात. परंतु पहिल्याचे १० व दुसऱ्याचे २० नग केले तर ११,००० मिळतात. इतकेंच नव्हे, तर लेथचा एक तास वाढला असतां नफा १५० रुपयांनीं वाढतो, हेंही हें गणित सांगतें. तेव्हां त्या जादा तासाचा खर्च १५० हून अधिक असेल, तर ओव्हरटाइम तोट्याचा!

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाहीं. १९३९ सालीं रशियांत कांटोरोविच यांनीं प्लायवुडच्या कारखान्याच्या प्रश्नावरून त्याचा आरंभ केला. १९४७ सालीं अमेरिकेंत डांट्झिग यांनीं सिम्प्लेक्स रीत शोधिली. ती शक्य उत्तरांच्या आकृतीच्या एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात सर्वोत्तम कोपरा गांठते. १९८४ सालीं आकृतीच्या आंतून वाट काढणारी नवी रीत प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते नरेंद्र करमरकर हे ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत जन्मलेले व मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले, ही गोष्ट आपल्या मुलांनीं अभिमानानें ध्यानांत ठेवावी.

१९४७ सालींच सिम्प्लेक्सच्या परीक्षेकरितां ७७ खाद्यपदार्थांतून सर्वांत स्वस्त पुरेसा आहार निवडण्याचा प्रश्न घेतला गेला. तो सोडविण्यास नऊ कारकुनांना हिशेबाच्या यंत्रांवर मिळून १२० दिवसांइतके श्रम पडले. आज तेंच काम साधा संगणक क्षणार्धांत करतो. मग विद्यार्थ्यानें शिकावयाचें काय उरलें?

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. या विषयांत त्यास उत्तम गुण मिळाले होते. त्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यांत लेथवर काम करतात. मुलानें वरच्यासारखेंच एक उदाहरण त्यांना करून दाखविलें. वडिलांनीं कागद शांतपणें पाहिला व विचारलें, “अरे, हे चाळीस तास तूं कोठून आणलेस? टूल बदलणें, सेटिंग, साफसफाई, जेवण, हें सगळें यांत धरलेंस का?” मुलगा निरुत्तर झाला. त्याच्या पुस्तकांत तो आकडा छापलेलाच होता.

आमच्या मतें सारें मर्म त्या एका प्रश्नांत आहे. परीक्षेंत कोष्टकें भरणें हें कारकुनाचें काम होय आणि तें आतां यंत्राकडे गेलें आहे. माणसाकडे उरलें आहे तें प्रश्न मांडण्याचें काम: काय वाढवावयाचें, मर्यादा कोणत्या, आणि त्या कोणीं व कशासाठीं घातल्या. कामगाराची विश्रांति ही मर्यादा म्हणून लिहिली, तर यंत्र ती मुकाट्यानें पाळील. लिहावयाची राहिली, तर तितक्याच मुकाट्यानें ती तुडवील. गणिताचें उत्तर बिनचूक असूनही तें अन्यायाचें ठरूं शकतें, आणि तो दोष गणिताचा नसून मांडणाऱ्याचा असतो.

कोणी म्हणतील कीं, गुण मिळाले नाहींत तर नोकरी कोण देईल? गुण मिळवावेच, परंतु सिम्प्लेक्सची रीत कां चालते हें समजून मिळवावे. विद्यार्थ्यांनों, एखादें तरी उदाहरण स्वतः मांडा; दुकानाचें मांडा, शेताचें मांडा, आईच्या महिन्याच्या बाजाराचें मांडा. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी असा कागद घेऊन तुमच्यापुढें आली, तर “आम्हांला यांतलें काय कळतें!” असें म्हणून उठूं नका. गणित त्यांना येत असेल. अंथरूण केवढें आहे, हें मात्र तुम्हांसच ठाऊक आहे.