श्रवणाची कैफियत

काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून माझी आत्या पुस्तके ऐकते. मागच्या महिन्यात तिने हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी अथपासून इतिपर्यंत ऐकली, हे मी एका सुविद्य स्नेह्यांना कौतुकाने सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘म्हणजे ऐकली; वाचली नाही.’’ शेरा त्यांनी सहज मारला असेल, परंतु तो मला लागला, आणि हे मत त्यांच्या एकट्याचे नसल्यामुळे त्याची रुजुवात करणे मला अगत्याचे वाटते. ध्वनिपुस्तक हे आळशाचे वाचन आणि श्रुतिका हे डोळे काढून घेतलेले नाटक, अशी समजूत पुष्कळ ग्रंथप्रेमी मंडळींत रूढ आहे. ती मंडळी ग्रंथांवर जीव लावणारी असल्याने त्यांच्या आक्षेपाचा परामर्श आदरानेच घेतला पाहिजे.

त्यांचा पूर्वपक्ष असा की, वाचणारा आपल्या वेगाने चालतो, अडला तर मागे वळतो, पात्रांना मनातल्या मनात आवाज देतो. ऐकणाऱ्याला मात्र सारे आयते मिळते, म्हणून त्याची बुद्धी निष्क्रिय राहते आणि परक्याचा आवाज त्याच्या कल्पनाशक्तीचा ताबा घेतो.

यातील निष्क्रियतेचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. शके 1212 मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी हा आधी बोललेला ग्रंथ आहे. श्रोते समोर बसलेले आहेत, सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत, आणि नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर त्या श्रोत्यांकडे मागणे मागतात ते अवधानाचे. ते मागावे लागते, कारण ते आपोआप मिळत नसते. ते श्रोत्याने आपल्या पदरचे द्यायचे असते. पानावरून डोळे फिरत राहिले आणि मन बाजारात गेले, तरी पान उलटले जाते व वाचल्याचे समाधानही मिळते, हा अनुभव कोणत्या वाचकाला नाही? कानाला ती मुभा नाही. चित्त क्षणभर ढळले की सूत्र तुटते आणि तुटल्याचे तत्काळ कळते. ज्या भाषेने विद्वानाला ‘बहुश्रुत’ म्हटले, त्या भाषेच्या माणसांनी श्रवणाला आळस म्हणावे, याचे मला दुःख होते.

कोष्टके, तळटीपा आणि आकडेमोड यांनी भरलेले ग्रंथ कानाने घेण्याजोगे नाहीत, हे मला मान्य आहे. दुप्पट वेग लावून कादंबरी उरकणाऱ्यांचे समर्थनही मी करणार नाही. ज्याने विराम गाळला त्याने अर्धा लेखक गाळला.

आता कल्पनाशक्तीचा प्रश्न. 15 जानेवारी 1924 रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूजचे ‘डेंजर’ हे नाटक प्रक्षेपित केले. केवळ नभोवाणीसाठी लिहिलेल्या नाटकांत ते अगदी आरंभीचे मानले जाते. दृश्याच्या अभावाची दिलगिरी व्यक्त करण्याऐवजी ह्यूजने आपली पात्रे कोळशाच्या खाणीत उतरवली आणि तेथील दिवे घालवले. पात्रांना दिसत नाही तेवढेच श्रोत्याला दिसत नाही; पात्रे जशी पाण्याच्या आवाजावरून संकटाचा अंदाज घेतात तसाच श्रोताही घेतो. रंगमंचावर जो अंधार नटांच्या अडचणीचा ठरला असता, तो येथे नाट्याचा प्राण झाला. अशा श्रुतिकेला रंगभूमीची उणी आवृत्ती म्हणता येईल काय? आपल्याकडेही मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी घरोघर पोहोचले, तेव्हा आवाज सर्वांना एकच मिळाला होता, परंतु भावजींची उंची, त्यांची टोपी, त्यांची उंबऱ्यात उभे राहण्याची ढब ज्या त्या घराने आपली आपण ठरवली होती. ध्वनिग्राहकापासून नट दोन पावले मागे सरला की पात्र अंगणात जाते, आणि तोंड जवळ आणून कुजबुजला की ते आपल्या उशाशी येते. ते अंगण आणि ती उशी मात्र श्रोत्यालाच आणावी लागते.

परंतु माझे खरे म्हणणे याहून पुढचे आहे. श्रवण हे वाचनाच्या तोडीचे आहे एवढ्यावर मी थांबणार नाही. आपल्या मराठीपुरते बोलायचे तर कित्येक गोष्टी कागदावर नसतातच, त्या केवळ आवाजात असतात. ‘जरा’ हा शब्द घ्या. ‘जरा थांब’ मधला ज दातांशी उच्चारला जातो आणि वार्धक्यवाचक ‘जरा’ मधला ज टाळूशी. जगणाऱ्याला दिलेला ‘जग’ हा आशीर्वाद आणि पृथ्वीवाचक ‘जग’ यांतही तोच भेद. आपल्या लिपीने या दोन ध्वनींना एकच अक्षर दिले आहे. हा भेद मूल शिकते ते आजीच्या तोंडून, पुस्तकातून नव्हे. आणि ज्या घरांत आता आजी नाही, किंवा ज्या घराने सातासमुद्रापलीकडे बिऱ्हाड केले आहे, तेथे तो पोहोचवण्याची दुसरी तजवीज कोणती? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला माणदेशी माणूस पुण्यामुंबईच्या वाचकाने मनातल्या मनात वाचला, तर तो त्या वाचकाच्याच हेलात बोलतो. जाणत्या कंठातून तो ऐकावा, म्हणजे लेखकाच्या कानात काय होते ते कळते.

म्हणूनच वाचणाऱ्याचा आवाज हा परका नव्हे. भरतमुनींनी वाणीला नाट्याची तनू म्हटले आहे, आणि वाचिक अभिनयाची ही जोखीम केवढी असते याचा दाखला ध्वनिपुस्तकांच्या जन्मातच सापडतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज ध्यानी घेऊन ब्रिटनमध्ये 1935 साली बोलत्या पुस्तकांची योजना सुरू झाली. मिनिटाला 24 फेरे घेणाऱ्या तबकड्या, एका बाजूला सुमारे 25 मिनिटांचे वाचन! आरंभीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ होती. या कादंबरीचे सारे रहस्य कथा सांगणाऱ्याच्या बोलण्यावर वाचकाने ठेवलेल्या विश्वासात आहे. ती मोठ्याने वाचणाऱ्याने शेवट ठाऊक असूनही आवाजात एक कंप जास्त येऊ द्यायचा नाही आणि एक कमीही होऊ द्यायचा नाही. हे काम ज्याला गड्याचे वाटते त्याने एक प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे.

‘पण लक्षात कोण घेतो’मधली आपट्यांची यमूही स्वतःची हकीकत स्वतःच सांगते. ‘करमणूक’मधून ती क्रमशः येऊ लागली तेव्हा जिची ही कहाणी होती त्या स्त्रीवर्गातील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत ती पोहोचायची तर कुणीतरी वाचून दाखवूनच. आत्याने ती ऐकली तेव्हा ग्रंथ आपल्या मूळ वाटेनेच गेला.

पण याच कारणासाठी प्रकाशकांकडे माझे मागणे आहे. निवेदकाचे नाव लेखकाच्या नावाखाली ठसठशीत असावे, त्याला संहिता आधी हाती मिळावी, आणि उच्चार जाणणारा माणूस ध्वनिमुद्रणाला समोर बसवलेला असावा. गेल्या पंधरवड्यात आम्ही एक कादंबरी लावली. निवेदिकेचा गळा गोड होता, परंतु वाक्य कुठे संपते याची तिला पर्वा नव्हती, आणि ‘जरा थांब’ मधला ज ती टाळूशी उच्चारत होती. तिसऱ्या प्रकरणात आत्याने हात वर करून मला यंत्र बंद करायला लावले. ‘‘या मुलीला कुणी नुसते शेजारी बसून ऐकले असते, तरी हे टळले असते,’’ ती म्हणाली, आणि कपाटातल्या वरच्या फळीवरून तेच पुस्तक काढायला सांगितले. पुढचे प्रकरण मी वाचले. दोनदा तिने मला थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावले.